बाबूराव अर्नाळकर आणि सत्याचा शोध

मराठी माणसाला वाचनाची गोडी कोणी लावली, असा प्रश्न निघाला की हरि नारायण आपटे, खांडेकर, फडके ही नावे आपण आदराने घेतो. परंतु ज्यांची पुस्तके गिरणीकामगारापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांनी, अनेकदा वडीलधाऱ्यांची नजर चुकवून, वाचली, ते नाव क्वचितच घेतले जाते. ते नाव म्हणजे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर.

त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मलेला हा लेखक १९९६ साली निवर्तला. 'अर्नाळकर' या नावातील अर्नाळा हे वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथील जलदुर्ग आपल्या वसईकर बांधवांच्या परिचयाचा आहे. बाबूरावांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतील पुष्कळ कथानके इंग्रजीवरून घेतलेली होती. मात्र त्यांतील माणसे, गल्ल्या आणि बोली त्यांनी अस्सल मराठी करून सोडली. भाषा सोपी, वाक्ये छोटी, पुस्तक एका बैठकीत संपणारे. साहित्यसमीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. वाचकाने मात्र घेतली.

अमेरिकेत खाजगी गुप्तहेर हा खराखुरा व्यवसाय होता. 'माल्टीज फाल्कन' ही १९३० सालची गाजलेली कादंबरी लिहिणारे डॅशिएल हॅमेट हे स्वतः पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेत नोकरीला होते. आपल्या वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या वाचकाने असा गुप्तहेर कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यामुळे बाबूरावांचे नायक हे व्यवसायापेक्षा न्यायाच्या भुकेतून जन्मलेले वाटतात. धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू बुद्धीच्या बळावर गुन्ह्याचा छडा लावतात. झुंजार आणि काळा पहाड यांची तऱ्हा निराळी. ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवतात. महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई आणि काळा बाजार सोसलेल्या वाचकाला असा कैवारी हवाहवासा वाटला, यात नवल ते काय?

येथेच श्रद्धावंत वाचकाने क्षणभर थांबावे. रहस्यकथेशी आपल्या धर्मसभेचे नाते जुने आहे. जी. के. चेस्टरटन यांच्या 'फादर ब्राऊन' कथांचा पहिला संग्रह १९११ साली निघाला. त्यातील साधा धर्मगुरू गुन्हेगाराला पकडतो; परंतु त्याची खरी ओढ असते ती त्या गुन्हेगाराच्या पश्चात्तापाची. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूंनी पुढे संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. त्याच फादर नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले होते. त्यांतील एक नियम असा की, शोध घेणाऱ्याने स्वतः गुन्हा करता कामा नये. दुसरा असा की, हाती आलेला प्रत्येक धागा त्याने वाचकापुढे तत्काळ ठेवावा. या कसोटीवर धनंजय उतरतो. काळा पहाड उतरत नाही.

फादर नॉक्स यांच्या कितीतरी शतके आधी ही कसोटी पवित्र शास्त्राने घालून दिली आहे. दानिएलच्या पुस्तकाचा १३वा अध्याय पाहावा. निष्पाप सुझान्नेवर दोन वडील खोटा आळ घेतात. लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसतो आणि तिला मृत्युदंड ठरतो. तरुण दानिएल जमावाला अडवतो, दोन्ही साक्षीदारांना वेगळे करतो आणि प्रत्येकाला विचारतो, तो प्रकार कोणत्या झाडाखाली घडला? एक एका झाडाचे नाव सांगतो, दुसरा दुसऱ्याच. खोटेपणा उघडा पडतो. पुढच्याच अध्यायात तो मंदिराच्या भूमीवर राख पसरवतो आणि पुजाऱ्यांच्या पावलांचे ठसे राजाला दाखवतो. साक्ष तपासणे आणि पुरावा दाखवणे ही रहस्यकथेची दोन्ही अंगे येथे आहेत.

दानिएलने केवळ अपराधी शोधला नाही; त्याने एका निरपराध स्त्रीचा जीव वाचवला. जमावाची खात्री आणि सत्य यांत अंतर असते, हे त्याने ओळखले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते कोण, कोठले, कशासाठी आले, याची शांतपणे चौकशी होऊ दिली असती, तर पाच संसार वाचले असते. परभारे दिलेला न्याय कथेत थरारक वाटतो. गावात तो असा उतरतो.

म्हणून बाबूरावांना दोष द्यावा काय? मुळीच नाही. अन्याय सहन न होणे हा त्यांच्या नायकांचा गुण खराच आहे, आणि दुष्कृत्य अखेरीस उजेडात येते ही त्यांची श्रद्धा आपलीही आहे. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी हा वारसा पुढे चालवला. सुहासरावांचे २००३ साली आणि नाईकांचे २०२१ साली निधन झाले.

पालकांना एकच विनंती. माळ्यावर एखादी पिवळी पडलेली रहस्यकथा सापडली, तर ती रद्दीत घालू नका. मुलांना वाचू द्या. आणि वाचून झाल्यावर त्यांच्यासोबत दानिएलचा तो अध्याय उघडा. मग त्यांना एवढेच विचारा: काळ्या पहाडाच्या हातून निरपराध माणूस सापडला असता, तर त्याची बाजू कोणी ऐकून घेतली असती?