आळणी पाणी प्या, पण फोडीही खा

घरात कुणी आजारातून उठलं, बाळंतीण आली किंवा म्हाताऱ्या माणसाला अशक्तपणा आला, की तुळजापूर भागातल्या मांसाहारी घरांत गावरान कोंबडी शिजते. हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेलं आळणी पाणी वाटीत काढून आजाऱ्याला देतात. उरलेल्या फोडींना काळं तिखट लावून रस्सा होतो आणि तो बाकीच्यांच्या ताटात जातो. "सगळी ताकद पाण्यात उतरली," असं आपण समजतो. हा समज फार जुना आहे आणि तो फक्त आपलाच नाही.

चरकसंहितेत अशक्त माणसाला मांसरस सांगितला आहे. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारे ज्यू वैद्य मायमोनिडीस यांनीही कोंबडीच्या सुपाची शिफारस केली होती.

या समजाची मोठी परीक्षा पॅरिसमध्ये झाली. तिथल्या रुग्णालयांत हाडं उकळून काढलेल्या जिलेटिनचं सूप गरिबांना दिलं जाई. शरीरशास्त्रज्ञ माजांदी यांच्या समितीने १८४१ साली अहवाल दिला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नव्हती. तरीही १८४७ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ लीबिग यांनी मांसाचा अर्क काढण्याची रीत मांडली आणि पुढे तो अर्क शक्तिवर्धक म्हणून खूप खपला. नंतरच्या तपासण्यांत दिसलं की त्यात चव भरपूर, पोषण थोडं.

कारण सोपं आहे. उष्णतेने मांसातली बहुतेक प्रथिनं घट्ट होतात आणि फोडीतच राहतात. पाण्यात उतरतात ते क्षार, चव, थोडी चरबी आणि थोडं जिलेटिन. शिजलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. वाटीभर पाण्यात त्या मानाने फारच कमी.

मग आळणी पाणी वाया गेलं का? नाही. तापात, सर्दीत पाणी आणि मीठ पोटात जाणं गरजेचं असतं. १९७८ साली अमेरिकेत १५ निरोगी लोकांवर केलेल्या अभ्यासात गरम सुपाने नाकातला शेंबूड जास्त वेगाने सरकताना दिसला, पण अर्ध्या तासात तो परिणाम ओसरला. म्हणजे आराम मिळतो, पण झीज भरून निघत नाही.

यावर एक चांगला तोडगा मेक्सिकोच्या घरगुती सुपात आहे. त्याला तिथे 'काल्दो दे पोयो' म्हणतात. त्यात पाणी, फोडी आणि भाज्या एकाच वाडग्यात येतात. हे सूप आपल्याला परकं नाही. मिरची, टोमॅटो आणि मका मुळात तिकडचे. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. कोंबडी मात्र आशियातली. १५१९ नंतर स्पॅनिश लोकांनी ती मेक्सिकोत नेली. लिंबू आणि कोथिंबीरही त्यांच्याबरोबरच गेली.

कामावरून आल्यावर चार माणसांसाठी हे अर्ध्या-पाऊण तासात होतं. कुकरमध्ये थोड्या तेलावर कांदा, लसूण, दोन टोमॅटो आणि एक हिरवी मिरची परता. अर्धा किलो कोंबडी, एक गाजर, वाटीभर मक्याचे दाणे, थोडं मीठ आणि पाच-सहा वाट्या पाणी घाला. तीन शिट्ट्या करा. ब्रॉयलरला एवढं पुरतं, गावरान कोंबडीला जास्त वेळ लागतो. फोडी हाडांवरून सोडवून, बारीक करून परत सुपात टाका. वरून लिंबू, कोथिंबीर. सोबत ज्वारीची भाकरी चुरून खा. आजाऱ्यासाठी मिरची वगळा.

काही गोष्टी सांभाळा. रक्तदाब असेल तर मीठ कमी घाला आणि तयार सुपाच्या वड्या टाळा, त्यांत मीठ फार असतं. मधुमेह असेल तर मका खाल्ल्यावर भाकरी कमी करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्रथिनं खायची, हे आधी डॉक्टरांना विचारा. उरलेलं सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

दवाखान्यात डबा पाठवताना थर्मासमध्ये नुसतं पाणी भरू नका. रुग्णाला चावता-गिळता येत असेल, तर त्यात चार फोडी बारीक करून घाला. अशक्त माणसाला त्यांचीच जास्त गरज असते.