दख्खनी मेंढी आणि जुळ्यांचे जनुक

सांगली जिल्ह्यातील विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. ह्या टापूत, तसेच लगतच्या आटपाडी, माण व जत तालुक्यांत, पावसाने दगा दिला की शेतापेक्षा कळपाचाच आधार अधिक वाटतो. धनगरांच्या कळपातील मेंढी मुख्यतः दख्खनी वाणाची. सातारा जिल्ह्यातील लोणंद व जत तालुक्यातील माडग्याळ ह्या गावांवरून तिचे दोन प्रकार ओळखले जातात. त्यांपैकी माडग्याळची मेंढी उंच, लांब पायांची व बाकदार नाकाची असते. लोकरीचे मोल घटल्यावर मेंढपाळाचे उत्पन्न कोकरांची संख्या आणि त्यांचे वजन ह्या दोहोंवर येऊन ठेपले; आणि दख्खनी मेंढी तर एका वेतास बहुधा एकच कोकरू देते.

वाढ व प्रजनन ह्या दोन गुणांचा आनुवंशिक पाया मात्र सारखा नाही. वाढीवर अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. शिवाय आईचे दूध व चारा हेही तीत वाटेकरी असतात. म्हणून धिप्पाड मेंढा निवडून कळपात ठेवण्याच्या जुन्या रीतीने सुधारणा होते, पण सावकाश. जुळ्यांच्या बाबतीत एकच जनुक मोठा फरक घडवू शकते, हे प्रथम ऑस्ट्रेलियातील ‘बुरूला’ मेरिनो कळपावरून ध्यानात आले. 2001 साली त्याचा रेणवीय उलगडा झाला. सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एका ठिकाणी बदल झाला, की प्रत्येक ऋतुचक्रात अधिक बीजांडे पक्व होतात. हा बदल बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल मेंढीतही आढळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तेथे पोहोचला असावा, असे मानले जाते.

फलटण येथे बनबिहारी निंबकर ह्यांनी 1968 साली कृषिसंशोधन संस्था स्थापिली. तेथे 1990 नंतरच्या दशकात गॅरोल मेंढे आणून दख्खनी मेंढीशी संकर करण्यात आला. अडचण अशी की, गॅरोल अंगाने फारच लहान. तिच्या संकरातून जुळी मिळाली, तरी कोकरांची वाढ खुंटे. ह्यावर उपाय म्हणून संकरित संतती पुनःपुन्हा दख्खनी वाणाशी जोडण्यात आली. इष्ट जनुक बाळगणारी कोकरे तेवढी पुढील पैदाशीसाठी राखली गेली. 2001 नंतर ही निवड रक्ताच्या नमुन्यावरून कोकराच्या लहान वयातच करता येऊ लागली. ह्या प्रयत्नांतून ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध झाला.

तथापि, जुळ्यांतील प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा जन्मतः हलके असते आणि आईचे दूध दोघांत विभागले जाते. गाभण काळात मेंढीला पुरेसा चारा लाभला, तर दोन्ही कोकरे जगून एकूण वजन वाढते. दुष्काळाच्या वर्षी मात्र तेच दुसरे कोकरू मेंढपाळाला ओझे होऊ शकते. म्हणून विट्यासारख्या अवर्षणप्रवण भागात पैदाशीचा विचार चराऊ रानाच्या विचारावाचून अपुराच ठरतो. जनुक कोकरांची संख्या वाढविते. ती पोसण्याचे काम चाऱ्याला आणि धनगराच्या निगेलाच करावे लागते.