तान्हा पोळा

मुलांच्या करमणुकीस बाग हवी, पाळणे हवेत, हा विचार शहरी होय. सौंसर तालुक्यातील बोरगावच्या परिसरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, अंगणेच जत्रा होतात. सजविलेले लाकडी नंदी ओढीत बालगोपाळ दारोदार फिरतात आणि बोजारा मिळवितात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी नागपुरात ही चाल पाडली, असे परंपरा सांगते. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला. नंदी मात्र इकडेही राहिला.

२०२३ पासून हा तालुका ज्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो, त्या पांढुर्ण्यास त्याच दिवशी थोर माणसे जाम नदीकाठी गोटमार खेळतात. दोन्ही तीरांवरून दगड सुटतात. माणसे दगावलीही आहेत. जमावबंदीचे हुकूम निघाले, दगड थांबले नाहीत. पोरांचा तंटा फार तर एवढाच, की कोणाचा नंदी देखणा!