उंबरठ्यावरील सत्ता

निजामाच्या राज्यांत हाली शिक्का चाले आणि शेजारच्या इंग्रजी मुलुखांत कलदार रुपया. सुमारें सात हालींचे सहा कलदार होत. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, तरी हाली शिक्का एका दिवसांत गेला नाहीं. तो कांहीं वर्षें भारतीय रुपयाच्या जोडीनें चालला आणि १९५९ सालीं कायमचा बंद झाला. धर्माबादसारख्या गांवीं, जेथें मराठी व तेलुगु या दोन्ही भाषा आजही एकाच दुकानांत ऐकूं येतात, दोन व्यवस्था एका ठायीं नांदण्याचें फारसें नवल कोणास वाटत नाहीं. म्हणूनच एका संगणकावर दोन कार्यप्रणाली ठेवण्याचा इतिहास लिहावयास बसतांना आम्हांस प्रथम त्या दोन नाण्यांची आठवण झाली.

परंतु हें साम्य फार दूर नेतां येत नाहीं. दोन नाणीं एकाच खिशांत खुळखुळत. या दोन प्रणाली मात्र एकमेकींचें तोंडही पाहत नाहींत. एक जागी असली कीं दुसरी निजलेली असावयाची. तेव्हां यंत्र सुरू होतांना आज राज्य कोणाचें, हें कोणीतरी ठरवावें लागतें. आमच्या मतें या सर्व इतिहासाचा नायक तो ‘कोणीतरी’च आहे.

आयबीएम कंपनीनें ऑगस्ट १९८१ मध्यें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हां त्यासाठीं तीन निरनिराळ्या प्रणालींचीं नांवें सांगितलीं होतीं. तरीही भांडणास जागा नव्हती. कारण प्रणाली फ्लॉपीवर असे आणि फ्लॉपी बदलली कीं राज्य बदललें. १९८३ सालच्या ‘एक्सटी’ यंत्रांत दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि तिच्याबरोबर वांटणीचा प्रश्न आला. त्यावर तोडगा निघाला तो असा. डिस्कच्या अगदीं आरंभीं ५१२ बाइटांचा एक लेख ठेवावयाचा. त्यांतील ४४६ बाइट आज्ञांसाठीं, ६४ बाइट चार विभागांच्या सीमा नोंदविण्यासाठीं आणि शेवटचे दोन नुसत्या खुणेचे. सातबाराचा उतारा आणि दारावरचा पहारेकरी एकाच चिठोऱ्यावर बसविल्यासारखें हें झालें! चार विभागांपैकीं ज्यावर ‘चालू’ अशी खूण असेल, त्याला हा पहारेकरी हांक मारी.

१९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. तो घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांस आपलें जुनें डॉस किंवा विंडोज सोडणें शक्य नव्हतें. त्यांच्यासाठीं वर्नर आल्मेसबेर्गर यानें ‘लिलो’ रचला. हा पहारेकरी प्रामाणिक, पण आंधळा. गाभा डिस्कवर कोठें आहे याचे ठावठिकाणे तो पाठ करून ठेवी. गाभा बदलला आणि त्यास पुन्हा पढविलें नाहीं, तर तो रिकाम्या जागीं हांका मारीत राही. १९९५ सालीं एरिक बोलेन यानें आरंभिलेला ‘ग्रब’ अधिक शहाणा निघाला. त्यास फाइली स्वतः वाचतां येत. मात्र ४४६ बाइटांत त्याचें केवळ पाऊल मावे. धड लिनक्सच्या विभागांतच राही. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

उंबरठा ज्याच्या हातीं, घर त्याचें, हें व्यापाऱ्यांच्याही लक्षांत आलें होतें. १९९८ च्या सुमारास जपानांतील हिताची कंपनीनें आपल्या कांहीं संगणकांवर विंडोजच्या जोडीस ‘बी’ या लहान कंपनीची ‘बीओएस’ प्रणाली बसवून दिली. पण यंत्र लावतांना ती कोठें दिसेचना! निवडीची पाटीच पुढें येत नसे. गिऱ्हाइकानें स्वतः खटपट करून तिला जागें करावें. विंडोजच्या परवान्यांतील अटी याच्या मुळाशीं आहेत, असें ‘बी’चें म्हणणें. २००२ सालीं तिनें मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००३ सालीं मायक्रोसॉफ्टनें दोष कबूल न करतां २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटविला. तोंवर ‘बी’चा धंदा बुडून तिची मालमत्ता विकली गेलेली होती. घरांत खोली मिळाली, पण दारावर नांव लागलें नाहीं. मग ती खोली काय कामाची?

दुसरी प्रणाली बसवावी कशी, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती काढावी कशी, हें बहुधा अडल्यावरच कळतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सामान्य आधार संपला. आमच्या घरचा जुना संगणक पुढील आवृत्तीच्या लायकीचा नव्हता. म्हणून आम्हीं त्यावर विंडोजशेजारीं लिनक्स बसविलें. दोन महिने बरें चाललें. फक्त घड्याळाचा वाद होता. लिनक्स यंत्रांतील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवी आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजे. त्यामुळें विंडोजमध्यें नेहमीं साडेपांच तास मागें दिसत. पुढें मिरचीच्या आडतीचा हिशेब विंडोजवरच ठेवणें भाग पडलें, जागा अपुरी पडूं लागली, आणि एके रात्रीं आम्हीं विंडोजमधून लिनक्सचा विभाग पुसून टाकला. सकाळीं काळ्या पडद्यावर ग्रबची ‘रेस्क्यू’ अशी हांक तेवढी उरली होती. पाऊल उंबरठ्यावर, धड नाहींसें! हिशेब आंत सुरक्षित होता, पण दार उघडीना. बाहेर शेतकरी पट्टीसाठीं ताटकळत उभे.

क्रम उलटा हवा होता. आधीं विंडोजचा पहारेकरी दारावर परत बसवावा, तो काम करतो हें पाहावें, मगच विभाग पुसावा. अलीकडच्या ‘यूईएफआय’ यंत्रांत पहारेकऱ्यांस स्वतंत्र विभाग असतो व त्यांची यादी यंत्राच्या स्मृतींत राहते. तेथें विंडोजचें नांव पहिलें करून ठेवलें कीं एवढा घोर लागत नाहीं. आमचें यंत्र जुन्या चालीचें. शेवटीं शेजाऱ्यांकडून विंडोज बसविण्याची पेनड्राइव्ह आणली, तिच्यावरून यंत्र सुरू केलें, आणि ‘बूटरेक’ नांवाच्या आज्ञेनें ते ४४६ बाइट नव्यानें लिहविले. दुपारीं बारा वाजतां विंडोज उघडलें. त्याचें घड्याळ सकाळचे साडेसहा दाखवीत होतें. तें हातानें पुढें केलें आणि पट्ट्या काढावयास बसलों.