दोनशेवीस वजा वय

व्यायामशाळेच्या भिंतीवर, स्ट्रेस टेस्टच्या खोलीत आणि आता मनगटावरच्या घड्याळातही एक सूत्र आढळते : हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय. चाळीस वर्षांच्या माणसासाठी १८०. हिशेब तोंडी होतो, म्हणून तो लक्षातही राहतो. पण हे २२० आले कुठून, असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारले तर? कोणीतरी हजारो माणसे पळवून हा आकडा काढला असेल, अशी आपली समजूत असते. आमचीही होती.

माणसे पळवली गेली होती, पण त्यातून २२० निघाले नव्हते. १९३८ साली अमेरिकेतील हार्वर्ड फटिग लॅबोरेटरीच्या सिड रॉबिन्सन यांनी लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत वेगवेगळ्या वयाचे पुरुष ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर पार दमेपर्यंत पळवले. वय वाढते तसे कमाल ठोके उतरत जातात, हे त्यात स्वच्छ दिसले. त्या आकड्यांतून निघणारी रेषा मात्र २१२ वजा वयाची ०.७७ पट अशी आहे.

२२० ची गोष्ट १९७० च्या सुमाराची. डॉ. सॅम्युअल फॉक्स आणि त्यांचे तरुण सहकारी विल्यम हॅस्केल यांच्यापुढे प्रश्न होता, हृदयरोग्यांना किती जोराचा व्यायाम द्यावा? हॅस्केल यांनी छापून आलेल्या दहाएक अभ्यासांतले आकडे गोळा केले होते. त्यांतली बहुतेक माणसे पंचावन्नच्या आतली, काही धूम्रपान करणारी, काही तर हृदयरोगीच. एका बैठकीला जाताना विमानात दोघे आलेख पाहत बसले. विसाव्या वर्षी २००, चाळिसाव्या वर्षी १८०, साठाव्या वर्षी १६० अशी रेषा जुळते, हे फॉक्स यांच्या लक्षात आले. १९७१ मध्ये जॉन नॉटन यांच्यासह लिहिलेल्या लेखात हा मजकूर छापला गेला. ही माणसे सर्वांची प्रतिनिधी नव्हतीच, असे पुढे हॅस्केल यांनीच सांगितले. पण तोवर सूत्र पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले होते!

२००२ मध्ये रॉबर्ट रॉबर्ग्स आणि रॉबर्टो लँडवेहर यांनी त्या १९७१ च्या लेखातल्याच आकड्यांवर पुन्हा गणित केले. उत्तर आले २१५.४ वजा वयाची ०.९१ पट, आणि अंदाजातली चूक सुमारे २१ ठोक्यांची. त्याच्या आदल्या वर्षी हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ माणसांचे आकडे एकत्र करून २०८ वजा वयाची ०.७ पट असे सूत्र दिले. चाळिशीत दोन्ही सूत्रे १८० च सांगतात. सत्तरीत जुने १५० म्हणते, नवे १५९. स्त्रियांचा वेगळा विचार तर बराच उशिरा झाला. शिकागोत मार्था गुलाटी यांनी २०१० मध्ये त्यांच्यासाठी २०६ वजा वयाची ०.८८ पट हे सूत्र मांडले.

पण सूत्र बदलल्याने मुख्य अडचण सुटत नाही. रेषा सरासरीची असते, माणूस नाही. प्रमाण विचलन १० ते १२ ठोक्यांचे धरले, तर चाळिशीच्या शंभर निरोगी माणसांपैकी साधारण तीस ते चाळीस जणांची कमाल १७० ते १९० च्या बाहेर पडेल. स्ट्रेस टेस्टमध्ये पुष्कळदा सूत्राच्या ८५ टक्क्यांचे, म्हणजे चाळिशीला १५३ ठोक्यांचे, लक्ष्य धरतात. ज्याची खरी कमाल १६० आहे त्याची १५३ वर दमछाक होते. जिची २०० आहे तिच्या हृदयावर तेवढ्यात पुरेसा ताणच येत नाही, आणि चाचणी तिथेच थांबवली तर दोष नजरेतून सुटू शकतो. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याला तर हे सूत्र लागूच पडत नाही.

आणखी एक गैरसमज मुलांमध्ये हमखास आढळतो. कमाल जास्त तो अधिक तंदुरुस्त, असे त्यांना वाटते. तसे नाही. सरावाने कमाल फारशी वाढत नाही. वाढते ते एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त. कमाल उतरते तिचे एक कारण हृदयातच आहे. ठोक्यांची लय ठरवणाऱ्या पेशींचा स्वतःचा वेग वयाबरोबर मंदावतो. मज्जातंतूंचे नियंत्रण औषधांनी थांबवून हा वेग मोजला, तरी तो उतरलेलाच दिसतो.

खरी कमाल मोजायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ईसीजी लावून, पाय चालेनासे होईपर्यंत पळावे लागते. वर्गात तो प्रयोग करू नये. मैदानाला एक फेरी मारून नाडी मोजणे मात्र जरूर करावे. थांबताच ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून लगेच दहा सेकंद मोजून सहाने गुणावे. मोजताना एक ठोका निसटला की उत्तरात सहाची चूक. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले, की एकाच वयाच्या चाळीस मुलांत केवढी तफावत आहे ते दिसेल.