पाम (ता. पालघर, जि. पालघर)

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील, पालघर तालुक्यातील एक लहान गाव. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात ते वसले आहे. पूर्वेला तारापूर औद्योगिक वसाहत; शेजारी कोलवडे, कुंभवली आणि टेंभी; पुढे नवापूर, उच्छेळी, दांडी, आलेवाडी ही समुद्रकाठची गावे. कारखाने आणि दर्या यांच्या मधल्या या अरुंद पट्टीत पामचे सगळे जगणे आहे. त्यामुळे या गावाची नोंद आजूबाजूच्या गावांना सोडून करता येत नाही.

बातमीत मात्र नाव येते ते तारापूरचे. स्फोट कोलवड्यात झाला तरी मथळा ‘तारापुरात स्फोट’ असा, आणि सांडपाणी नवापूरच्या समुद्रात गेले तरी ‘तारापूरचे प्रदूषण’. मूळ तारापूर गाव औद्योगिक वसाहतीच्या वायव्येस, खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. पलीकडच्या तीरावर डहाणू तालुक्यातील चिंचणी. वसाहतीचे भूखंड बोईसर, सरावली, पास्थळ, सालवड, कोलवडे, कुंभवली या परिसरात पसरलेले आहेत. गॅझेटियरने तारापूर, माहीम, डहाणू यांना पाने दिली, वृत्तपत्रांनी तारापूरला मथळे दिले. पामसारखी गावे दोन्हीकडे समासात राहिली.

जमीन सपाट व सखल. भाताची खाचरे, समुद्राच्या बाजूला खाजण आणि तिवरे, बांधाबांधांवर ताड, माड आणि शिंदी. पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खाऱ्या पाण्यापासून भातजमीन वाचवण्यासाठी घातलेले बांध हा या पट्ट्यातील जुना उद्योग. बांध फुटला की उधाणाचे पाणी शेतात शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे पीक देत नाही. किनाऱ्यावर मांगेला, वैती आणि भंडारी, बागायतीत वाडवळ, शिवाय वंजारी, कुणबी आणि आदिवासींत प्रामुख्याने वारली, अशी या भागातील वस्ती आहे. मांगेली, वाडवळी, वारली या बोली काही किलोमीटरच्या अंतरात ऐकू येतात. औद्योगिक वसाहत आल्यावर त्यांत उत्तर भारतातून, ओडिशातून आणि बंगालमधून आलेल्या कामगारांच्या भाषांची भर पडली.

किनाऱ्यावरच्या गावांची घडी समुद्राच्या पाण्यावर बसलेली आहे. येथील पारंपरिक मासेमारी डोलीची. डोल म्हणजे पिशवीसारखे लांबलचक जाळे. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि भरती-ओहोटीचा जोरच मासा आत ढकलतो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, काम भरपूर. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते आणि होड्या बऱ्याच अंशी किनाऱ्यालाच राहतात. जाळ्यात मुख्यतः बोंबील, जवळा, मांदेली. बोंबील सुकवायची रीत पाहण्यासारखी असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर अशी टाकायची की एक मासा अलीकडे लोंबेल, दुसरा पलीकडे. बांबूच्या उंच मांडवांवर अशा दोऱ्यांच्या रांगा धरलेल्या असतात. त्यांना वलांडी म्हणतात. हे काम बहुतांशी बायकांचे आणि ते हात न थांबता चालते. अवकाळी पावसाची एक सर आली की वलांडीवरचा सगळा माल कुजतो. बाहेरच्याला ‘अवकाळी पाऊस’ म्हटले की आंबा आणि द्राक्षे आठवतात. येथे त्या बातमीचा अर्थ बोंबील असा होतो.

इतिहास : चिंचणी येथे १९५५ मध्ये ताम्रपट सापडले. त्यांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील, शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात संयान म्हणजे संजाणच्या मंडलावर मधुमती नावाचा ‘ताजिक’ अधिकारी असल्याचा उल्लेख आहे. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. ताजिक म्हणजे अरब. राष्ट्रकूट राजाने नेमलेला एक मुसलमान अधिकारी दहाव्या शतकात या किनाऱ्याचा कारभार पाहत होता आणि त्याच्याच संमतीने हिंदू मठिकेला दान दिले जात होते. इतका महत्त्वाचा पुरावा या परिसरात मिळाला, ही गोष्ट येथील शाळेत जाणाऱ्या मुलांना सांगितलीच पाहिजे.

पुढे हा किनारा पोर्तुगीजांकडे गेला. चिमाजी आप्पांच्या उत्तर कोकण मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला झुंजून घेतला. त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. तारापूरचा किल्ला पुढे तेथील विकाजी मेहरजी या पारशी सावकाराच्या घराण्याकडे इनाम गेला. विकाजी आणि त्यांचे बंधू पेस्तनजी यांनी निजामाच्या हैदराबादेत मोठी पेढी चालवली. पेस्तनजींच्या नावाने औरंगाबादला पाडलेले ‘पेस्तनशाही’ रुपये नाणेसंग्राहकांना परिचित आहेत. १८६४ मध्ये मुंबई आणि गुजरात लोहमार्गाने जोडले गेले. तेव्हापासून बंदरांचे महत्त्व उतरत गेले आणि स्थानकांभोवतीची पालघर, बोईसर ही गावे वाढू लागली.

‘छोडो भारत’ आंदोलनात १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तेवारी हे पाच जण हुतात्मा झाले. ही गावे पाहिली की मोर्चा कोठून आला होता ते लक्षात येते. सालवड, नांदगाव, मुरबे ही पामच्या पंचक्रोशीतलीच गावे. पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी दर १४ ऑगस्टला अभिवादनाचा कार्यक्रम होतो आणि त्या दिवशी पंचक्रोशीतले लोक पालघरला जातात.

अणुकेंद्र व औद्योगिक वसाहत : तारापूर अणुविद्युत केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. हे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॉटच्या होत्या. पुढे त्यांची क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला आणि नंतर फ्रान्सकडून युरेनियम आले. पूर्णपणे भारतीय बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवावी लागली. मच्छीमारांना समुद्रापासून दूर वसवले की घर मिळते, धंदा मिळत नाही. पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला तो यामुळेच. देशाच्या विजेचा हिशेब मांडताना या दोन गावांची नावे आवर्जून घ्यायला हवीत.

अणुकेंद्राच्या पाठोपाठ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, रंग, कापड आणि पोलाद यांचे हजाराहून अधिक कारखाने येथे आहेत. पाम-कुंभवलीच्या घरांत पगार येऊ लागला तो या कारखान्यांमुळे, आणि विहिरींचे पाणी बिघडले तेही त्यांच्यामुळेच. या दोन्ही गोष्टी येथे एकाच घरात नांदतात: मुलगा कंपनीत पाळीला जातो आणि वडील त्याच कंपनीच्या सांडपाण्याविरुद्ध निवेदनावर सही करतात. त्यात विसंगती शोधणाऱ्याने येथे येऊन चार दिवस राहावे.

वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता दीर्घकाळ दिवसाला अडीच कोटी लिटर एवढीच होती. प्रत्यक्षात सांडपाणी त्याहून बरेच अधिक तयार होत असे. ते नळवाटे नवापूरच्या समुद्रात, तेही किनाऱ्याजवळच, सोडले जाई. ओहोटीला बाहेर गेलेले पाणी भरतीला खाडीत परत येई. नळ फुटला की ते वाटेतल्या शेतात आणि नाल्यात पसरे. पावसाच्या आडोशाने रात्री नाल्यात रसायन सोडल्याच्या तक्रारी येथे दर पावसाळ्यात होतात. खाडीत मेलेले मासे तरंगताना दिसणे आणि माशाला औषधासारखा वास येतो म्हणून व्यापाऱ्याने माल परत करणे, हे येथल्या लोकांनी सोसलेले नुकसान आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये तारापूरला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत घातले. २०१८ च्या पाहणीत ९३.६९ गुणांसह तारापूर देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. लवादाने २०१९ मध्ये प्रक्रिया केंद्राला भरपाईची रक्कम भरण्याचा अंतरिम आदेश दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल देऊन दोषी कारखान्यांवर भरपाई बसवली. आकारणीचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दरम्यान पाच कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र आणि समुद्रात सुमारे सात किलोमीटर आत जाणारी नवी वाहिनी हाती घेण्यात आली. मच्छीमारांनी त्या वाहिनीलाही विरोध केला. घाण किनाऱ्यापासून दूर नेली तरी ती पडणार जाळी लावायच्या जागीच, हे त्यांचे म्हणणे साधे आणि रास्त आहे.

रोजच्या बातम्या : या पट्ट्याची वर्तमानपत्रातली ओळख अपघातांनी घडली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे येथील एका रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेक कामगारांचा जीव गेला आणि दूरवरच्या घरांच्या काचा हादरल्या. बाहेरचे जग येथील नाव ऐकते ते अशाच दिवशी. उरलेले दिवस वेगळ्या बातम्यांचे असतात. बोईसरच्या नवापूर नाक्यावरची कोंडी, रस्त्यावरचे खड्डे, रात्रभर गेलेली वीज, सूर्या प्रकल्पाच्या नळाला न आलेले पाणी, उशिरा धावणारी डहाणू लोकल, शाळेचा दहावीचा निकाल, क्रिकेटचे सामने, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला निघालेल्या गाड्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा भरकटत वडराईच्या किनाऱ्याशी येऊन अडकला. त्यावरील १३७ जणांची सुटका झाली आणि तेलगळतीची धास्ती पुढे कित्येक दिवस राहिली. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस, मासेमारीबंदी उठल्यावर, मुरब्याच्या एका होडीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि त्यांचा लिलाव सुमारे १ कोटी ३३ लाखांना गेला. घोळीचा भाव तिच्या पोटातल्या फुग्याला म्हणजे बोताला असतो. त्यापासून शस्त्रक्रियेचे धागे आणि औषधे बनतात. ही बातमी देशभर गेली. ज्यांच्या जाळ्यात वर्षभर घोळ येत नाही त्यांची बातमी कुठेच जात नाही, आणि त्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे मुख्यालय पालघर–बोईसर रस्त्यावरील कोळगाव येथे २०२१ मध्ये सुरू झाले. ठाण्याची खेप वाचली, हा पामकरांना झालेला उघड लाभ. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. विरार–डहाणू चौपदरीकरण चालू आहे. उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि दक्षिणेला मुरबे येथे बंदर प्रस्तावित आहे. दोन बंदरांच्या मधला हा किनारा डोलीच्या मासेमारीला किती मोकळा राहील, हा प्रश्न येथील प्रत्येक सभेत विचारला जातो. त्याचे उत्तर देणे प्रकल्प आणणाऱ्यांचे काम आहे.

अभ्यासकांसाठी : या गावांच्या इतिहासाची खरी साधने तालुक्यातच आहेत. तलाठी कार्यालयातील फेरफार नोंदींत कोणाची जमीन केव्हा संपादित झाली ते कळते. जिल्हा परिषद शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात स्थलांतराचा आणि बदलत्या धंद्यांचा माग लागतो. मच्छीमार सहकारी संस्थांच्या कीर्दीत मासळीची आवक-जावक असते. ग्रामसभेच्या इतिवृत्तांत सांडपाण्याविरुद्धचे ठराव तारीखवार असतात. दमट हवेत हा कागद टिकत नाही. त्याच्या छायाप्रती घेण्याचे काम ग्रामपंचायतींनी आणि परिसरातील महाविद्यालयांनी, पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयाने व चिंचणीच्या महाविद्यालयाने, तातडीने हाती घ्यावे.

जाण्याची सोय : मुंबईहून चर्चगेट–डहाणू रोड लोकलने (ही सेवा १६ एप्रिल २०१३ पासून) किंवा गुजरातकडील गाड्यांनी बोईसर, तेथून नवापूर मार्गाने एस.टी. किंवा शेअर रिक्षा. मोटारीने मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील चिल्हार फाट्यावरून बोईसरला येता येते. किनारा पाहायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. वलांडीवर बोंबील असतात ते याच दिवसांत.