कासव संवर्धनात काम करायचंय? ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि ग्रामीण तालुक्यांतल्या तरुणांसाठी माहिती

ठाणे : डिसेंबर उजाडला की मोबाईलवर वेळास, आंजर्ले, दिवेआगरचे व्हिडीओ फिरायला लागतात. टोपलीतून सोडलेली तळहाताएवढी पिल्लं लाटेकडे धावताना दिसतात. मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, भिवंडीकडची अनेक मुलं ते बघून विचारतात, की आपल्याला हे काम करता येईल का? येतं. पण व्हिडीओत दिसतात ती शेवटची पाच मिनिटं. त्याआधीचे दीड-दोन महिने कुणी पहाटे उठून किनारा तुडवलेला असतो, तो भाग व्हिडीओत येत नाही.

आधी आपल्या जिल्ह्याबद्दल. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, पालघर, वसईचा सगळा किनारा तिकडे गेला. ठाणे जिल्ह्याकडे उघडा समुद्र म्हणावा असा उत्तन परिसरच राहिला, बाकी सगळी खाडी. त्यामुळे अंडी घालणारं कासव बघायचं तर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग गाठावं लागतं, आणि जखमी कासवांवरचं काम बघायचं तर डहाणू.

वेळासला सुरुवात कशी झाली

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था 2002 च्या सुमारास किनाऱ्यावर समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत होती. तेव्हा इथं कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. घरटी उकरून अंडी खाणं, विकणं तेव्हा किनाऱ्यावरच्या अनेक गावांत चालायचं. कोल्हे-कुत्रेही मागे नव्हते. संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेतलं. ज्यांना घरटं कुठं आहे हे अचूक कळायचं, त्यातलेच काही पुढे राखण करू लागले. पाऊलखुणा वाचणारा माणूस बाहेरून आणून मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं हे फार बरं झालं.

2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक हॉटेलात न राहता गावातल्या घरांत राहायला लागले, घरच्या बाईच्या हातचं जेवू लागले आणि चार पैसे गावात राहिले. कासव जगलं तर गावाला उत्पन्न, हे गणित जमलं म्हणून काम टिकलं. पुढे वनविभाग, कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी हे काम कोकणच्या बऱ्याच किनाऱ्यांवर नेलं. आज त्या त्या गावातल्या राखणदारांना 'कासवमित्र' म्हणतात.

कासवमित्राचा दिवस

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री, भरतीच्या पाण्याबरोबर वर येते, भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा दीड-एक फुटाचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने ती दाबून बसवते आणि परत जाते. तिथून पुढे ती त्या अंड्यांकडे फिरकत नाही.

कासवमित्र रात्री उशिरा किंवा पहाटे चालायला निघतो. ट्रॅक्टरचं चाक फिरावं तशी नक्षी वाळूवर उमटलेली असते. खुणा वर जातात, थोडी वाळू विस्कटलेली असते, खुणा परत खाली येतात. मग काठीने हलकेच टोचून वाळू कुठं भुसभुशीत लागते ते बघायचं. इथं अनुभव लागतो, कारण जोर जास्त झाला तर अंडं फुटतं. अंडी हाताने एकेक काढून, उलटीसुलटी न करता, काही तासांच्या आत कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. उशीर झाला की आतला गर्भ टरफलाला चिकटतो, मग हलवणं धोक्याचं. प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते.

साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली झाकतात, सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. पिल्लं निघाली तर पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. ती थेट पाण्यात टाकायची नाहीत, वाळूवरून चालतच जायला हवीत, कारण मोठी झालेली मादी अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या किनारपट्टीकडे वळते आणि त्या किनाऱ्याची ओळख इथूनच सुरू होते असं मानलं जातं. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं, असा अभ्यासकांचा अंदाज.

वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. साधारण 29-30 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. म्हणून उन्हाळा लवकर तापला की हॅचरीवर सावलीचं कापड ओढतात. त्यामुळे तापमानाची नोंद वेळच्या वेळी ठेवणं हेही राखणीइतकंच महत्त्वाचं काम.

ही कासवं जातात कुठं?

जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. त्या हंगामात आंजर्ले, गुहागर धरून एकूण पाच माद्यांना टॅग लागले. 2023 मध्ये गुहागरला 'बागेश्री' आणि 'गुहा' या आणखी दोघींना. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. याच्या उलट घटना जानेवारी 2025 मध्ये घडली. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला 03233 क्रमांकाचा धातूचा बिल्ला होता. तो 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेला होता, म्हणजे ती सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घालून आलेली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, या समजाला त्यामुळे धक्का बसला. तो बिल्ला कुणी नीट बघून नोंदवला नसता तर हे कळलंच नसतं.

ओडिशात चित्र फार मोठं आहे. ऋषिकुल्या किनाऱ्यावर 2025 मध्ये सहा लाखांहून जास्त माद्या आल्या. कोकणात एकेक घरटं शोधावं लागतं. म्हणून इथं माणूस जास्त लागतो.

डहाणूचं काम वेगळं

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत पालघरच्या किनाऱ्यावर जखमी कासवं लागतात. समुद्रात सोडून दिलेल्या फाटक्या जाळ्यांत अडकून कुणाचा पुढचा पाय कापला गेलेला असतो, कुणी पाण्यावर तरंगतं पण बुडी मारू शकत नाही. डहाणूला वनविभाग आणि 'वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन' यांचं उपचार केंद्र आहे. एक्स-रे, सलाईन, जखमेची मलमपट्टी, टाकीचं पाणी बदलणं, मासे भरवणं असं हे काम. काही कासवं महिनोन्‌महिने टाकीत राहतात. कल्याण-डोंबिवलीकरांना दिवा-वसई गाडीने वसई आणि तिथून डहाणू लोकल, असा सोपा रस्ता आहे. पण न विचारता जाऊ नये. ते प्राण्यांचं हॉस्पिटल आहे, आधी परवानगी घ्यावी.

स्वयंसेवक म्हणून जायचं तर

समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. अंडी, पिल्लं हाताळायला वनविभागाची परवानगी लागते, त्यामुळे पहिल्याच दिवशी कुणी अंडी हातात देणार नाही. नवख्या माणसाला मिळतं ते किनारा साफ करणं, पर्यटकांना दोरीमागे ठेवणं, नोंदी लिहिणं, शाळेत माहिती देणं. फेब्रुवारी-मार्चमधल्या शनिवार-रविवारी गर्दी इतकी होते, की पिल्लांपेक्षा माणसंच सांभाळावी लागतात. दोरीजवळ उभं राहून "फ्लॅश बंद करा" असं शंभर वेळा न चिडता सांगणारा स्वयंसेवक गावाला खरोखर हवा असतो.

दापोली-आंजर्लेकडे जायला दिवा-सावंतवाडी गाडीने खेडला उतरून एसटी, दिवेआगर-हरिहरेश्वरला माणगाववरून. हरिहरेश्वरहून बागमांडला-वेसवी फेरीबोटीने खाडी ओलांडली की वेळास जवळच. जाण्याआधी गावात फोन करून पिल्लं कधी निघण्याचा अंदाज आहे ते विचारावं. अंदाज चुकतोही. तिथं गेल्यावर रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारत एकट्याने फिरू नये, प्रकाश दिसला की वर येणारी मादी अंडी न घालताच परत फिरते.

एक सावधगिरीची गोष्ट. 'कासव इंटर्नशिप', 'प्रमाणपत्रासह संवर्धन शिबिर' अशा जाहिराती सोशल मीडियावर येतात आणि हजारो रुपये मागतात. राहण्या-जेवणाचा खर्च द्यावा लागणं रास्त आहे. पण कासवाला हात लावू देतो, सेल्फी मिळेल, असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर तिथं काहीतरी गडबड आहे. त्या किनाऱ्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक फोन केला तर खरं-खोटं कळतं.

लांब जाणं जमत नसेल त्यांनी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बघावं. कांदळवन कक्षाचं हे केंद्र ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

पोटापाण्याचं काय?

खरं सांगायचं तर कासवमित्राचं मानधन हंगामापुरतं असतं आणि ते किनाऱ्यावरच्या गावच्या माणसालाच मिळावं हे योग्यही आहे. ठाण्याच्या मुलाने त्यावर संसार उभा राहील असं समजू नये. कायम नोकरीचे रस्ते दुसरे आहेत.

पहिला, वनरक्षक. बारावी पास, आणि विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यातला किमान एक विषय हवा. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीवर अर्ज करता येतो. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलामुलींसाठी ही सवलत मोठी आहे. लेखी परीक्षेबरोबर धावण्याची चाचणी असते, तयारी भरतीची जाहिरात येण्याआधीच सुरू करावी. अटी बदलू शकतात, त्या वेळची जाहिरात नीट वाचावी. पदवीधरांना एमपीएससीची वनसेवा परीक्षा देऊन वनक्षेत्रपाल होता येतं.

दुसरा, पशुवैद्यक. नीट परीक्षा देऊन परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो. डॉक्टर झाल्यावर कासवांवर उपचार ही त्यातली एक शाखा, आणि त्यात माणसं फार थोडी आहेत.

तिसरा, अभ्यासक. कल्याणचं बिर्ला कॉलेज, ठाण्याचं बांदोडकर कॉलेज इथं विज्ञान शाखेची पदवी घेऊन पुढं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था गाठता येते. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. प्रवेशाच्या वेळी आधीच्या एक-दोन हंगामांची स्वतःच्या हाताने भरलेली नोंदवही जवळ असेल तर ती मार्कशीटइतकी उपयोगी पडते.

समुद्र लांब, पण कासव घराजवळ

जानेवारी 2022 मध्ये कल्याणच्या गौरीपाडा तलावात काही दिवसांत पन्नासहून अधिक कासवं मेलेली सापडली. ती समुद्री नव्हती, गोड्या पाण्यातली होती. पण तीही कायद्याने संरक्षित आहेत. आपल्या भागातल्या माणसाचा कासवाशी संबंध येतो तो असाच. विहिरीत, भातखाचरात, मासेमारीच्या जाळ्यात.

इथं एक चूक वारंवार होते. कासव सापडलं की भाविक माणूस ते खाडीत नेऊन सोडतो. पाय बघावेत. पायांच्या जागी वल्ह्यासारखे पंख असतील तर ते समुद्री. बोटांमध्ये पडदा आणि नखं असतील तर गोड्या पाण्यातलं, ते खाऱ्या पाण्यात जगणार नाही. पाय हत्तीसारखे खांबाचे असतील तर ते जमिनीवरचं, पाण्यात सोडलं तर बुडून मरेल. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव परदेशी आहे. दुकानातून आणलेलं ते कंटाळून मासुंदा किंवा उपवन तलावात सोडलं, तर स्थानिक कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.

वास्तुदोषासाठी, पैसा टिकावा म्हणून घरात जिवंत देशी कासव ठेवणं हा गुन्हा आहे. अनुसूची 1 मधल्या प्राण्यासाठी किमान तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. पितळी कासव देवळात असतंच, घरातही तेच ठेवावं.

उत्तनच्या मच्छीमारांसाठी वेगळी माहिती. जाळ्यात कासव अडकलं आणि ते सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकारच्या योजनेतून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अडकलेल्या आणि सोडलेल्या कासवाचे फोटो किंवा व्हिडीओ काढून ठेवावेत, बोटीची कागदपत्रं तयार ठेवावीत आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे अर्ज करावा.

किनाऱ्यावर जखमी समुद्री कासव दिसलं तर ते परत पाण्यात ढकलू नये. सावली करावी, पाठीवर ओलं फडकं टाकावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. खायला काही घालू नये. मांसात रुतलेली जाळी ओढून काढू नये. कुत्रे आणि माणसं लांब ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. तलावात, विहिरीत सापडलेल्या कासवासाठीही हाच क्रमांक.